कॉलेजात शिकताना स्वतःचं ऑनलाइन दुकान: नाशिकच्या चित्रवाल्या, हस्तकलावाल्या पोरापोरींचे नेहमीचे प्रश्न

मी पोस्टकार्डं, प्रिंट आणि कॅलेंडर विकते. विषय बहुतेक जुन्या नाशकाचे: वाडे, घाट, भांडीबाजार. सुरुवात एसवायला असताना झाली, गंगापूर रोडवरच्या एका प्रदर्शनात, अर्ध्या टेबलावर. उरलेल्या अर्ध्यावर एका काकूंची लोणची होती. आता टेबल पूर्ण माझं असतं, पण विकत घेणाऱ्यांपेक्षा विचारणारेच जास्त येतात, आणि प्रश्न तेच ते. म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवते.

ताई, आधी लोगो करू की आधी वेबसाइट?

दोन्ही नको. आधी दहा वस्तू करा आणि त्या ओळख नसलेल्या दहा जणांना विका. मावशी, मामी, हॉस्टेलची रूममेट यात धरायची नाही. मी पहिला लोगो करायला तीन आठवडे घालवले, ब्रशने काढलेलं कमळ. चार महिन्यांत कळलं की लोक माझ्याकडून फुलंबिलं काहीच घेत नाहीत, वाड्यांचे दरवाजे घेतात. कमळ गेलं, कडी-कोयंडा आला. तो मात्र एका दुपारीत झाला, कारण तोपर्यंत मी काय विकते हे मलाच कळलं होतं.

मग ब्रँड म्हणजे नक्की काय?

नाशिकला रविवारी मिसळ खाणाऱ्याला विचारा. ठिकाणाचं नाव तो विसरेल, पण रस्सा काळा कुठे, पापड सोबत कुठे येतो आणि नंतर गुळाची जिलबी कुठे मिळते, हे विसरणार नाही. नाव झाकलं तरी ओळखू यावं, एवढंच. तुमच्या बाबतीत तो कडेचा पिवळा पट्टा असेल, चिठ्ठीवरचं अक्षर असेल किंवा प्रत्येक वहीच्या शेवटच्या पानावरचं एक छोटं मांजर असेल. एक-दोन गोष्टी धरा आणि कंटाळा आला तरी सोडू नका. कंटाळा तुम्हाला येतो, गिऱ्हाइकाने ती गोष्ट अजून दुसऱ्यांदाही पाहिलेली नसते.

नाव काय ठेवू?

फोनवर सांगून बघा. कामटवाड्यातल्या आत्याला नाव एकदाच सांगायचं आणि तिला ते इन्स्टाग्रामवर शोधायला लावायचं. सापडलं तर नाव चांगलं. मराठी नावांची खरी अडचण रोमन स्पेलिंगची आहे. ‘पाऊलखुणा’ हा शब्द कितीही गोड असला तरी तो इंग्रजी अक्षरांत पाच जण पाच तऱ्हांनी लिहितात. ळ आणि ण असलेल्या नावांचं तेच. असं नाव ठेवायचंच असेल तर जवळची दोन-तीन स्पेलिंगं शोधून बघा, तिथे आधीच दुसरं कुणी बसलेलं नाही ना.

दुसरं, ‘गोदा’ आणि ‘नाशिक’ या शब्दांपासून जरा लांब राहा. गोदा अमुक, गोदा तमुक अशी इतकी नावं आहेत की त्यात तुमचं हरवून जाईल. शिवाय नुसतं गावाचं किंवा मालाचं वर्णन करणारं नाव ट्रेडमार्क म्हणून मिळणं अवघड असतं. नाव पक्कं करण्याआधी ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या साइटवर शोध घ्या, तो फुकट आहे.

ट्रेडमार्क लगेच करावा का?

विक्री नियमित होईपर्यंत नाही. वैयक्तिक अर्जदाराला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला ४,५०० रुपये आहे, आणि वर्ग वेगवेगळे असतात: कागदी वस्तू १६, कपडे २५, दागिने १४. तिन्ही विकत असाल तर १३,५०० झाले. नोंदणी १० वर्षं चालते, मग नूतनीकरण. नावापुढे छोटं ‘टीएम’ लावायला नोंदणी लागत नाही. गोलातला ‘आर’ मात्र नोंदणी झाल्याशिवाय लावू नका, तो गुन्हा आहे.

कॅनव्हा या डिझाइनच्या अॅपवर केलेला लोगो चालतो का?

सुरुवातीला चालतो. फक्त तिथल्या तयार टेम्प्लेटवरून केला असेल तर तोच आकार आणखी हजार जणांकडे असू शकतो, आणि त्यावर तुम्हाला ट्रेडमार्क मिळणार नाही. साधी अक्षरंच नीट मांडा. मुक्त, बलू यांसारखे देवनागरी फाँट गूगल फाँट्सवर खुल्या परवान्यात आहेत, धंद्यासाठी वापरले तरी पैसे लागत नाहीत. कुठल्या तरी ग्रुपवर आलेल्या झिप फाइलमधला फाँट मात्र वापरू नका.

आणि शुद्धलेखन. एका वर्षी मी कॅलेंडरवर ‘मार्गशिर्ष’ छापलं, शि ऱ्हस्व. दोनशे प्रती. चूक प्रेसची नव्हती, माझीच. स्टॉलवर आलेल्या एका निवृत्त गुरुजींनी चष्मा कपाळावर सरकवला, बोट ठेवलं आणि काही न बोलता कॅलेंडर परत खाली ठेवलं. त्या रात्री भाऊ आणि मी दोनशे छोट्या पट्ट्या कापून चिकटवल्या. तेव्हापासून छापायला जाणारी प्रत्येक गोष्ट आईला मोठ्याने वाचायला लावते.

दुकान कुठे उघडू? इन्स्टाग्राम, व्हॉट्सअॅप, मोठ्या पोर्टलवर की स्वतःची साइट?

पहिले सहा महिने इन्स्टाग्रामवर दाखवा, व्हॉट्सअॅप बिझनेसवर विका. तिथलं कॅटलॉग फुकट आहे, वस्तूचा फोटो, दर, माहिती सगळं बसतं. यूपीआयने पैसे थेट खात्यात येतात, त्यावर कट नाही. कटकट एकच: दर वेळी पत्ता मागा, पैशांचा स्क्रीनशॉट बघा, वहीत लिहा. (स्क्रीनशॉटवर विसंबू नका, खात्यात पैसे आलेले बघा. मी एकदा शिकले.)

आठवड्याला दहा-बारा ऑर्डरी यायला लागल्या आणि ‘किंमत?’ या एका शब्दाला उत्तरं देऊन अंगठा दुखायला लागला, की साइट करायची वेळ झाली. महिन्याचं भाडं घेणारे तयार प्लॅटफॉर्म आहेत. नाहीतर वर्डप्रेसवर वूकॉमर्स टाका. ते सॉफ्टवेअर फुकट आहे, पण होस्टिंगचे, म्हणजे साइट ठेवायच्या जागेचे पैसे लागतात आणि बिघडलं की निस्तरणारे तुम्हीच. कॉम्प्युटर शाखेतला मित्र ‘मी करून देतो ना’ म्हणेल. करूनही देईल. पण डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, त्याच्या ईमेलवर घेऊ देऊ नका. तो कॅम्पसमधून पुण्याला नोकरीला लागला की पासवर्ड मागत बसाल. डोमेन तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर, एवढं पथ्य पाळाच.

मोठ्या पोर्टलवर गर्दी खूप, पण तिथे गिऱ्हाईक पोर्टलचं असतं. ‘कुठून घेतलंस?’ विचारलं तर तो पोर्टलचं नाव सांगेल, तुमचं नाही.

साइटवर चार गोष्टी असल्याच पाहिजेत: माल किती दिवसांत पोचेल, परतीचा नियम काय, संपर्काचा नंबर, आणि वस्तूचं माप सेंटिमीटरमध्ये. मापाकडे दुर्लक्ष करू नका. ए५ म्हणजे १४८ बाय २१० मिलिमीटर हे चित्रकाराला पाठ असतं, गिऱ्हाइकाला नाही. ‘एवढुसंच?’ असा मेसेज आला की वाईट वाटतं.

माझं वय सतरा आहे. चालेल का?

अठरा पूर्ण नसतील तर कायद्याने तुम्हाला करार करता येत नाही, म्हणून पेमेंट गेटवेचं (साइटवर पैसे घेऊन देणारी सेवा) खातं आई किंवा बाबांच्या नावाने उघडा. स्वतःच्या कलेतून मिळवलेलं उत्पन्न अल्पवयीन मुलाचं असलं तरी ते करासाठी आईवडिलांच्या उत्पन्नात मिळवत नाहीत. हिशेबाची वही वेगळी ठेवा, म्हणजे घरात भांडण नको.

जीएसटी लागतो का? सगळे वेगवेगळं सांगतात.

वेगवेगळं सांगतात, कारण तुम्ही काय विकता आणि कुठे विकता यावर उत्तर बदलतं. तीन भाग करून बघा.

तुम्ही फक्त वस्तू विकता, आणि त्याही फक्त महाराष्ट्रात. वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही. पोर्टलवरून विकत असाल तरी १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यातल्या राज्यात ही सूट मिळते. त्यासाठी जीएसटीच्या साइटवर एनरोलमेंट नंबर तेवढा घ्यावा लागतो.

वस्तू राज्याबाहेर पाठवायची आहे, म्हणजे इंदूरच्या किंवा सुरतच्या मुलीला तुमची वही हवी आहे. इथेच सगळे अडकतात. राज्याबाहेर माल विकायचा तर साधारणपणे पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना सूट आहे, पण त्याची यादी आहे आणि आपली वस्तू त्यात बसते का हे बघावं लागतं. हाताने बनवलेलं आणि प्रेसमध्ये छापलेलं यांत फरक पडतो. इथे सीएला एकदा पाचशे-हजार दिलेले परवडतात.

तुम्ही सेवा देता: लोगो करून देणं, लग्नपत्रिकेचं डिझाइन, इलस्ट्रेशन. मर्यादा २० लाख, आणि गिऱ्हाईक दुसऱ्या राज्यातलं असलं तरी ती लागू होते. म्हणून माझ्या ओळखीतली बरीच पोरं डिझाइनचं काम देशभर करतात आणि वस्तू मात्र महाराष्ट्रातच विकतात.

उद्यम नोंदणीचे (छोट्या धंद्याची सरकारी नोंद) अडीच हजार सांगितलेत. द्यावेत का?

अजिबात नाही. उद्यम नोंदणी सरकारी साइटवर मोफत होते, आधारवरून, अर्ध्या तासात. शोधल्यावर वर येणाऱ्या सरकारीसारख्या दिसणाऱ्या साइट दलालांच्या असतात. पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट इन’ आहे का बघा.

साबण, मेणबत्त्या, चॉकलेटं विकायची असतील तर?

मेणबत्ती सोपी. साबण-क्रीमला सौंदर्यप्रसाधनांचा परवाना लागतो आणि खाण्याच्या वस्तूंना अन्न नोंदणी. बंद पाकिटातल्या मालावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, वजन किंवा नग, सर्व करांसहित एमआरपी, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क छापायचा असतो. हे वह्यांच्या सेटलाही आलं.

किंमत कशी ठरवू?

हा प्रश्न सगळे शेवटी विचारतात, तोही हळू आवाजात. माझ्या वहीतलं एक पान उघडते.

ए४ प्रिंट, विक्री २५० रुपये, पोस्टेज आम्हीच भरतो असं म्हटलेलं. छपाई ३५. प्लॅस्टिक स्लीव्ह आणि मागचा जाड पुठ्ठा १२. बाहेरचं पाकीट १४. स्टिकर आणि चिठ्ठी ४. पुणे-मुंबईचा स्पीड पोस्ट जीएसटी धरून साधारण ७२. गेटवेचे दोन टक्के आणि त्यावरचा कर मिळून ६. झाले १४३. हातात उरले १०७. त्यात चित्र काढायचे दोन दिवस, फोटो, मेसेज आणि पोस्टातली रांग.

आता तीच प्रिंट कॉलेज रोडवरच्या एखाद्या दुकानात कन्साइनमेंटवर, म्हणजे विकली गेली की पैसे या बोलीवर ठेवली. दुकानदाराने ३० टक्के घेतले, मला १७५ आले. पाकीट नाही, पोस्ट नाही, गेटवे नाही. वजा ५१, उरले १२४. म्हणजे घरबसल्या ऑनलाइन विकण्यापेक्षा दुकानात ठेवलेलं जास्त देऊन गेलं! कमिशन ४० टक्के झालं तर ९९ उरतात, तेव्हा गणित उलटतं. हे समजायला मला दोन वर्षं लागली, कारण ‘दुकानदार फुकटचे पैसे खातो’ हे डोक्यात बसलं होतं. फुकटचे नाहीत ते. माझी रांग तो वाचवतो.

तर करायचं काय? पोस्टेज वेगळं लावा आणि एकाच पाकिटात तीन प्रिंट जातील असा सेट करा. पाकीट आणि पोस्ट जवळपास तेवढंच राहतं, विक्री तिप्पट होते. सुटी प्रिंट दुकानात, सेट ऑनलाइन. आणि दर कमी ठेवून गिऱ्हाईक ओढायचा विचार असेल तर सोडा. कमी दराने आलेलं गिऱ्हाईक पुढच्या वेळी आणखी कमीची वाट बघतं.

स्क्रीनवर रंग छान दिसतो, छापला की मरतो. प्रेसवाल्याला बदलू का?

प्रेसवाल्याला बदलून उपयोग नाही. स्क्रीन उजेडाने रंग दाखवते, प्रेस शाईने. भडक मोरपंखी, निऑन गुलाबी, चकाकता निळा हे चार शाईंत बसतच नाहीत. फाइल सीएमवायकेमध्ये (त्याच चार शाईंच्या रंगांत) बदलून घ्या, ३०० डीपीआय (एका इंचात तितके ठिपके) ठेवा, कडेला तीन मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) द्या आणि शंभर प्रतींआधी एक प्रत काढून घ्या. माझी पहिली रामकुंडाची प्रिंट स्क्रीनवर मोरपंखी होती, छापून आली ती शेवाळी. मी रडकुंडीला आले. बाबा म्हणाले, ‘अगं, नदी तर आत्ताच बरोबर दिसते आहे.’

पाचशे प्रतींच्या आत काहीही असेल तर डिजिटल छापा. ऑफसेट स्वस्त दिसतो, पण तो हजारांच्या हिशेबाने, आणि उरलेली आठशे पोस्टकार्डं पलंगाखाली जातात.

फोटोसाठी कॅमेरा घ्यावा लागेल?

नाही. सकाळी नऊच्या सुमाराला उत्तरेची खिडकी, पांढरा कार्डशीट आणि फोन. वस्तू कुणाच्या तरी हातात असलेला एक फोटो हवाच, आकार कळतो.

पॅकिंग कसं करता?

मी जुलैत पहिल्यांदा सांगलीला चार प्रिंट पाठवल्या, साध्या कागदी पाकिटात. पोचल्या तेव्हा कागदाला लाटा आल्या होत्या आणि एका कोपऱ्यात पाणी झिरपून कडीच्या काळ्या शाईचा डाग पसरला होता. घेणाऱ्या ताईंनी फोटो पाठवला, खाली फक्त नमस्काराचा इमोजी. पैसे परत केले, प्रिंट नव्याने पाठवल्या.

आता क्रम असा. प्रिंट स्लीव्हमध्ये, स्लीव्हची तोंडाची बाजू टेप लावून बंद. दोन्ही बाजूंना पुठ्ठे, प्रिंटपेक्षा सगळीकडून एक सेंटिमीटर मोठे, म्हणजे कोपरा आपटला तर पुठ्ठ्याचा आपटतो. एका पुठ्ठ्याच्या नळ्या उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या, मग वाकत नाही. बाहेर प्लॅस्टिकचं कुरियर पाकीट. पत्ता पाकिटावर एकदा आणि आत चिठ्ठीवर एकदा, कारण पावसात बाहेरची शाई जाते.

खोकी हवी असतील तर नाशिककर नशीबवान आहेत. द्राक्षं आणि टोमॅटोमुळे पुठ्ठ्याचे बॉक्स बनवणारे इथे भरपूर. सातपूर-अंबडला विचारत फिरा, शंभर-दोनशे नगही मापाने करून देणारे सापडतात. द्राक्षांच्या हंगामात मात्र जाऊ नका, तेव्हा तुमच्याशी बोलायला कुणाला वेळ नसतो.

खोकं गरजेपुरतंच मोठं घ्या. कुरियरवाले लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५,००० असं वजन काढतात. ३० बाय २२ बाय ८ चं खोकं म्हणजे ५,२८०, म्हणजे एक किलोच्या वर, आत पाव किलोची वही का असेना.

पोस्ट की कुरियर?

सपाट पाकिटाला पोस्ट, मोठ्या खोक्याला कुरियर. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, तेव्हा काउंटरवर ‘रजिस्टर’ मागत बसू नका. विद्यार्थ्यांना स्पीड पोस्टच्या दरात १० टक्के सवलत आहे. ओळखपत्र न्या आणि स्वतःहून विचारा. कॅश ऑन डिलिव्हरी ठेवू नका. परत आलेल्या पार्सलचं जाण्याचं आणि येण्याचं, दोन्ही भाडं तुमच्या अंगावर पडतं.

वारली, पैठणीचा मोर, देवांची चित्रं: हे वापरावं का?

वारली चित्रकला आणि येवल्याची पैठणी या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. पॉवरलूमच्या कापडाला ‘अस्सल पैठणी’ म्हणून विकलं तर ती फसवणूकच. पैठणीवरचा मोर बघून तुम्ही स्वतःचा मोर काढलात तर प्रश्न नाही, फक्त वर्णनात ‘पैठणीच्या मोरावरून’ असं लिहा. वारलीबद्दल माझं मत जरा कडक आहे. त्र्यंबक-पेठच्या पलीकडे, जव्हार-डहाणूकडे वारली चित्रकार आजही हाताने काढतात. चौकोनात चार त्रिकोणी माणसं बसवून मगावर छापण्यापेक्षा त्यांच्याकडून चित्र विकत घ्या, छापायची लेखी परवानगी आणि प्रत्येक नगामागे हिस्सा ठरवा, चित्रकाराचं नाव वस्तूवर लिहा.

२०२७ च्या सिंहस्थासाठी आत्ताच सगळे त्रिशूळ काढायला लागलेत. काढा. फक्त सरकारी बोधचिन्ह परवानगीशिवाय उचलू नका. आणि त्रिशुळाऐवजी रहाड (रंगपंचमीचा जुना रंगाचा हौद) काढा, तांबटांची ठोकणी काढा. गर्दीतही तेच वेगळं दिसेल.

माझं डिझाइन कुणी चोरलं तर?

कॉपीराइट चित्र काढल्या क्षणापासून तुमचा असतो, नोंदणी सक्तीची नाही. मूळ फाइल तारखेसह ठेवा. आधी साधा मेसेज करा, मग प्लॅटफॉर्मवर तक्रार. माझ्या बाबतीत दोनदा असं झालं, एकदा समोरच्या मुलीने माफी मागून काढून टाकलं, एकदा ब्लॉक केलं.

विक्री कधी होते?

दिवाळीला सगळ्यांची होते. आपली खरी लॉटरी संक्रांतीला, वाणात. हळदीकुंकवाला एकच वस्तू पन्नास-साठ नग हवी असते, दर चाळीस ते ऐंशीच्या मध्ये. छोटी वही, बुकमार्कचा जोड, तिळगुळाची छापील पुडी. नोव्हेंबरात नमुने तयार हवेत, कारण सोसायटीतल्या काकू डिसेंबरातच ठरवतात आणि एका काकूंनी घेतलं की बातमी मजल्यामजल्याने खाली उतरते.

परीक्षेच्या वेळी काय करता?

दुकान बंद. पाटी लावायची: ‘परीक्षा आहे, २० तारखेनंतर पाठवेन.’ कुणी रागावत नाही, उलट शुभेच्छा येतात.

ओळखीचे फुकट मागतात.

मीही देते. फक्त बिल करते, पूर्ण किंमत लिहून खाली ‘भेट’ म्हणून वजा. पुढच्या वेळी तेच लोक पैसे देतात.

पहिली अनोळखी ऑर्डर यायला किती दिवस लागतात?

मला अकरा आठवडे लागले. कऱ्हाडहून आली होती, दोन पोस्टकार्डं, साठ रुपये. मी नाव तीनदा वाचलं आणि आईला विचारलं, आपलं कऱ्हाडला कुणी आहे का? ती कणीक मळत होती. जरा आठवून म्हणाली, ‘नाही गं, कुणीच नाही.’